वातरक्त आणि आपले सांधे
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव झाला, हिशेबाचे वाचन झाले, आणि आता भोजनापूर्वी तासभर एखादा उपयुक्त विषय सभासदांपुढे मांडावा, या चिटणीसांच्या सूचनेस मान देऊन आम्ही आपणांपुढे उभे आहोत. स्वयंपाकघरातून सुवास दरवळत असताना ज्या रोगाचे नाव पंगतीशी जोडले गेले आहे, त्याच रोगावर बोलण्याचा प्रसंग यावा हा योगायोग थोडा विनोदी खरा; परंतु कोणाच्याही ताटातील घास काढून घेण्याचा आमचा हेतू नाही. उलट या रोगाच्या नावाखाली पुष्कळ घरांतून ज्येष्ठांच्या ताटातले वरण विनाकारण काढून घेतले जाते, ते परत वाढले जावे अशीच आमची इच्छा आहे.

आमचा आजचा विषय म्हणजे गाऊट होय. आपल्याकडे गुडघा दुखला, कंबर धरली, बोटे आखडली की सर्वांना मिळून ‘वात’ असे एकच नाव देण्याचा प्रघात आहे. वस्तुतः सांध्यांचे विकार अनेक आहेत आणि त्यांची कारणे अगदी भिन्न आहेत. वयोमानाप्रमाणे सांध्यातील कूर्चा झिजून जो विकार होतो तो निराळा. शरीराची संरक्षक शक्तीच स्वतःच्या सांध्यांवर उलटून जो आमवातासारखा विकार होतो तो निराळा. आणि रक्तातील यूरिक आम्लाचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचून जो विकार होतो तो गाऊट निराळा. हा भेद ध्यानात घेण्याचे कारण केवळ पांडित्याचे नाही. या तिन्हींपैकी गाऊट हा असा विकार आहे की ज्याचे कारण वैद्यकशास्त्रास जवळजवळ संपूर्ण उमगलेले आहे, ज्याचे मोजमाप रक्ताच्या साध्या तपासणीने करता येते, आणि ज्यावर स्वस्त व परिणामकारक औषध गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ उपलब्ध आहे. असे असूनही याच रोगाने बोटे वाकडी झालेले, पायात वहाण घालता न येणारे गृहस्थ आजही आपल्या समाजात दिसावेत, ही गोष्ट खेदाची आहे.

हा रोग नवा नाही. ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिस याने ख्रिस्तपूर्व काळातच या व्याधीची लक्षणे पाहून ठेवली होती आणि स्त्रियांस ऋतुनिवृत्तीपूर्वी हा रोग होत नाही असे निरीक्षणही त्याने नोंदविले होते. आपल्या चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातशोणित या व्याधीस स्वतंत्र अध्याय दिलेला आहे, आणि या व्याधीच्या पर्यायी नावांत ‘आढ्यवात’ असे एक नाव आहे. आढ्य म्हणजे धनवान. सुकुमार प्रकृतीचे, बैठे जीवन जगणारे, गोडधोड व मद्य यांचे सेवन करणारे लोक या रोगास बळी पडतात असे प्राचीनांचे मत होते. आज ज्यास आपण गाऊट म्हणतो त्याखेरीज दुसरेही काही विकार त्यांनी वातरक्त या नावाखाली एकत्र घेतले असावेत, तथापि पायापासून आरंभ होणारा, अतिशय वेदना देणारा आणि आहारविहाराशी संबंध असलेला हा सांध्यांचा रोग त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता, एवढे निश्चित.

युरोपात या रोगास ‘गाऊट’ हे नाव थेंब या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून मिळाले. शरीरातील दूषित रस थेंबाथेंबाने सांध्यात झिरपतो, अशी त्या काळची समजूत होती. थॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्याने १६८३ साली या रोगावर प्रबंध लिहिला. तो स्वतःच अनेक वर्षे या रोगाने पीडलेला असल्यामुळे त्याचे वर्णन आजही वाचनीय वाटते. रोगी निरोगी अवस्थेत झोपी जातो, मध्यरात्रीनंतर अंगठ्यातील कळेने जागा होतो, आणि पहाटेपर्यंत अंगावरच्या पांघरुणाचा भारही त्याला सहन होत नाही, असा त्याचा अनुभव आहे. पुढे १७९९ साली जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराने सुजलेल्या पायात दात रुतवून बसलेला एक काळा राक्षस काढला आणि त्याखाली केवळ या रोगाचे नाव घातले. ज्यांनी हे दुखणे सोसले आहे त्यांना त्या चित्रात अतिशयोक्ती वाटणार नाही.

पण त्या राक्षसाचे खरे रूप हळूहळू उलगडत गेले. १६७९ साली हॉलंडमधील लेव्हेनहूक याने गाऊटच्या गाठीतून निघालेला खडूसारखा पदार्थ आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात त्याला बारीक सुयांसारखे कण दिसले. ते कण कशाचे हे त्याला ठाऊक नव्हते. १७७६ साली शीले या रसायनशास्त्रज्ञाने मूतखड्यातून यूरिक आम्ल वेगळे काढले. १७९७ साली वोलास्टन याने गाऊटच्या गाठीत तेच द्रव्य असल्याचे दाखविले. १८४८ साली लंडनचे डॉक्टर आल्फ्रेड गॅरड यांनी गाऊटच्या रोग्यांच्या रक्तात यूरिक आम्ल वाढलेले असते हे सिद्ध केले. शेवटी १९६१ साली अमेरिकेतील मॅककार्टी व हॉलंडर या डॉक्टरांनी सुजलेल्या सांध्यातील पाणी विशिष्ट प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासून त्यात या स्फटिकांची ओळख पटविली. अशा रीतीने जवळजवळ तीनशे वर्षांत थेंबाची कल्पना जाऊन सुईची खात्री आली.

आता हे यूरिक आम्ल येते कोठून, ते पाहू. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत प्युरीन नावाची द्रव्ये असतात. जुन्या पेशी मोडतात व नव्या होतात, त्या उलाढालीत प्युरीनचे विघटन होऊन शेवटी यूरिक आम्ल उरते. रोज तयार होणाऱ्या यूरिक आम्लाचा सुमारे दोनतृतीयांश भाग असा शरीरातूनच येतो आणि उरलेला एकतृतीयांश आपण खातो त्या अन्नातून येतो. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात या आम्लाचे पुढे आणखी विघटन करणारे एक द्रव्य असते. मानव आणि त्याच्या जवळचे वानर यांच्यात ते लाखो वर्षांपूर्वीच नाहीसे झाले. म्हणून आपणांस हे आम्ल तसेच बाहेर टाकावे लागते. त्यापैकी सुमारे दोनतृतीयांश मूत्रपिंडांवाटे व उरलेले आतड्यांवाटे जाते. गाऊट झालेल्या बहुसंख्य रोग्यांत दोष अतिउत्पादनाचा नसून उत्सर्जनाचा असतो; म्हणजे आवक जास्त नसते, जावकच कमी पडते. ही मूत्रपिंडांची प्रवृत्ती पुष्कळदा आनुवंशिक असते. त्यामुळे ‘तुम्ही खाण्यापिण्यात ताळतंत्र सोडले म्हणून तुम्हांला हा रोग झाला’ असे म्हणून रोग्यास दोष देणे अशास्त्रीय तर आहेच, शिवाय अन्यायाचेही आहे. कित्येक गृहस्थ ‘लोक आपणांस मद्यपी समजतील’ या भीतीने आपले दुखणे वर्षानुवर्षे लपवितात, हे आम्ही पाहिले आहे. ज्यांनी आयुष्यात मद्याचा थेंब घेतला नाही अशांनाही गाऊट होतो, हे या व्यासपीठावरून आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो.

पाण्यात साखर विरघळावी तसे यूरिक आम्लाचे क्षार रक्तात विरघळलेले असतात. परंतु चहात चार चमच्यांऐवजी चाळीस चमचे साखर घातली तर ती जशी तळाशी बसते, तशी रक्ताचीही सहनशक्ती आहे. शरीराच्या उष्णतामानास दर १०० मिलिलिटर रक्तद्रवात सुमारे ६.८ मिलिग्रॅम ही ती मर्यादा होय. त्यापलीकडे प्रमाण गेले आणि वर्षानुवर्षे तसेच राहिले, की क्षार स्फटिकरूपाने बाहेर पडू लागतात. थंड जागी त्यांची विद्राव्यता आणखी घटते. शरीरात हृदयापासून सर्वांत दूर व सर्वांत थंड भाग कोणता? पायाचा अंगठा. चालताना त्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर भारही मोठा पडतो. म्हणूनच निम्म्या रोग्यांत पहिला झटका अंगठ्याच्या मुळाशी येतो. कानाच्या पाळीवर गाठी दिसण्याचे कारणही हेच सांगितले जाते.

स्फटिक साचले म्हणजे लगेच वेदना होते असे मात्र नाही. ते कूर्चेच्या पृष्ठभागावर पांढऱ्या थराप्रमाणे मुकाट्याने बसून असतात. एखादे दिवशी लांबची चाल घडते, ठेच लागते, शस्त्रक्रिया होते, लग्नसराईत दोन दिवस जडान्न व मद्य पोटात जाते, अथवा उलट कडक उपवास घडून शरीरातील पाणी कमी होते, आणि त्या थरातील काही स्फटिक सुटून सांध्यातील वंगणात मिसळतात. शरीराच्या रक्षक पेशी त्यांना परका शत्रू समजून गिळू पाहतात. सुई गिळणाऱ्याची जी गत व्हावी तीच त्या पेशींची होते. त्यांच्यातून दाह उत्पन्न करणारी द्रव्ये बाहेर पडतात, ती आणखी पेशींना पाचारण करतात, आणि बारा ते चोवीस तासांत सांधा लालबुंद, गरम आणि असह्य दुखणारा होतो. ही एक प्रकारे शरीराने स्वतःच्या घरात पेटविलेली आग असते.

सर्वांत फसवी गोष्ट ही की ती आग आपोआप विझते. उपचार केले नाहीत तरी एक-दोन आठवड्यांत सूज उतरते, कातडीचे पापुद्रे निघतात आणि गृहस्थ पूर्ववत चालू लागतात. त्यामुळे त्या काळात जो काही उपाय चालू असेल, मग तो लेप असो, काढा असो, की औषधाच्या दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी असो, त्यालाच यश दिले जाते. रोग मात्र आत तसाच असतो. दोन झटक्यांमधल्या शांत महिन्यांतही स्फटिकांचे साचणे चालूच राहते. आरंभी वर्षा-दोन वर्षांनी येणारा झटका पुढे सहा महिन्यांनी, मग दर दोन महिन्यांनी येतो. अंगठ्यावरून तो घोटा, गुडघा, मनगट, कोपर आणि हाताची बोटे असा पसरत जातो. उपचाराविना अशी सुमारे दहा वर्षे लोटली की कित्येकांच्या सांध्यांभोवती खडूसारख्या पांढऱ्या गाठी दिसू लागतात. या गाठी नुसत्या वरून दिसणाऱ्या नसतात. त्या आतून हाडास टेकतात आणि उंदराने लाकूड कुरतडावे तसे हाड कुरतडतात. क्षकिरणांच्या चित्रात त्या खाचा स्पष्ट दिसतात. कूर्चा नष्ट होते, स्नायूंच्या दोऱ्या ताठरतात, बोटे वाकतात. कधी गाठ फुटून पांढरा चुनखडीसारखा पदार्थ वाहू लागतो व जखम चिघळते. मूत्रपिंडांत खडे होतात ते वेगळेच.

या अधोगतीचे एक ऐतिहासिक उदाहरण आपणांपुढे ठेवतो. सोळाव्या शतकात स्पेन, नेदरलंड्स, जर्मनीचा मोठा भाग, इटलीतील प्रांत आणि अमेरिकेतील नवे मुलूख एवढ्यांवर सत्ता गाजविणारा सम्राट पाचवा चार्ल्स हा तरुणपणापासून गाऊटने ग्रासला होता. मांस व बीअर यांची त्याला विलक्षण आवड होती, आणि वैद्यांनी कितीही सांगितले तरी ती सुटली नाही. १५५२ साली मेट्झ शहराला वेढा घालण्यास तो निघाला तेव्हाही या व्याधीने त्याला जेरीस आणले होते, आणि तो वेढा पुढे अयशस्वी होऊन उठवावा लागला. १५५५ साली ब्रुसेल्स येथे राज्यत्यागाच्या समारंभास तो एका तरुण सरदाराच्या खांद्याचा आधार घेऊन आला. १५५७ पासून स्पेनमधील एका मठाशेजारी तो निवृत्त जीवन जगला व १५५८ साली वारला. त्याच्या एका बोटाचे पेर एस्कोरियल येथे एका पेटीत जपून ठेवलेले होते. स्पेनमधील शास्त्रज्ञांनी त्याची तपासणी करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या पेरात यूरिक आम्लाच्या क्षारांचे प्रचंड साठे सापडले आणि हाड व सांधा त्यांनी खाऊन टाकलेला दिसला. साडेचारशे वर्षांनंतरही त्या सुया तेथे होत्या! ज्याच्या राज्यावर सूर्य मावळत नाही असे म्हणत, त्याला स्वतःचे बोट वाचविता आले नाही; कारण त्या काळी औषध नव्हते. आज आपल्या तालुक्याच्या गावच्या औषधाच्या दुकानातही ते मिळते. सम्राटास जे दुर्लभ होते ते आपणांस सुलभ असताना आपण त्याच वाटेने का जावे, हाच आमचा आजचा प्रश्न आहे.

उपचारांचे दोन भाग आहेत आणि सर्व घोटाळा या दोन भागांची गल्लत केल्यामुळे होतो. पहिला भाग आग विझविण्याचा, दुसरा भाग सरपण काढून टाकण्याचा.

झटका आला असता सांध्यास विश्रांती द्यावी, पाय उशीवर उंच ठेवावा, बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून लावावी. आपल्याकडे शेक देण्याची व जोराने मालीश करण्याची आवड फार. या प्रसंगी ती आवरावी. पहिलाच झटका असेल, किंवा सोबत ताप व थंडी असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. कारण जंतूंमुळे सांध्यात पू झाला असता तोही असाच लाल व गरम दिसतो आणि त्यास विलंब लागला तर सांधा काही दिवसांतच निकामी होऊ शकतो. औषधांत दाहशामक गोळ्या, कॉल्चिसीन आणि स्टेरॉइड हे तीन प्रकार वापरले जातात. कोणत्या रोग्यास कोणते द्यावे हे त्याची मूत्रपिंडे, जठर, हृदय व मधुमेह यांवर अवलंबून असल्यामुळे शेजाऱ्यास लागू पडलेली गोळी आपण घेणे योग्य नव्हे. विशेषतः महिनोन्महिने वेदनाशामक गोळ्या गिळणाऱ्यांच्या जठरास व्रण आणि मूत्रपिंडांस इजा होते. आणि मूत्रपिंड दुबळे झाले की यूरिक आम्ल आणखी साचते. अशा रीतीने औषधच रोगास हातभार लावते.

कॉल्चिसीनविषयी एक सावधगिरीची सूचना देणे आम्ही कर्तव्य समजतो. हे औषध युरोपात कॉल्चिकम नावाच्या वनस्पतीपासून मिळाले. तिच्याच जातीची एक वनस्पती यूनानी वैद्यकात सुरंजान या नावाने प्रसिद्ध आहे. १८२० साली फ्रान्समध्ये त्यातील कार्यकारी द्रव्य प्रथम वेगळे करण्यात आले. आपल्या कोकणात व सह्याद्रीत पावसाळ्यात कुंपणावर अग्निज्वालांसारखी फुले मिरविणारी जी कळलावी, तिच्या कंदातही हेच द्रव्य असते. परंतु औषधाची मात्रा व विषाची मात्रा यांत या द्रव्याच्या बाबतीत फार थोडे अंतर आहे. कळलावीचा कंद खाल्ल्याने मृत्यू ओढवतो. म्हणून कोणीही ऐकीव माहितीवर हा कंद उगाळून पोटात घेऊ नये, आणि कॉल्चिसीनच्या गोळीचीही मात्रा आपल्या मनाने वाढवू नये. जुलाब सुरू झाले तर तत्काळ डॉक्टरांस कळवावे.

आता दुसरा भाग. वारंवार झटके येत असतील, गाठी दिसू लागल्या असतील, किंवा हाडास इजा झाल्याचे चित्रात दिसत असेल, तर रक्तातील यूरिक आम्ल कायमचे खाली आणणारे औषध घ्यावे लागते. यांतील प्रमुख औषध अ‍ॅलोप्युरिनॉल होय. गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांच्या संशोधनातून ते निर्माण झाले, १९६६ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली, आणि औषधनिर्मितीच्या तत्त्वांविषयीच्या कार्याबद्दल या दोघांना १९८८ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. या औषधाची मात्रा थोडक्यापासून, बहुधा दिवसास १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी अशी सुरू करून, रक्ताची तपासणी करीत हळूहळू वाढवावी लागते. ध्येय ठरलेले आहे: यूरिक आम्ल ६ मिलिग्रॅमच्या खाली आणणे आणि तेथेच ठेवणे. मर्यादेच्या खाली प्रमाण राहिले की साचलेले स्फटिक पुन्हा विरघळू लागतात, महिन्यामहिन्याने गाठी लहान होतात, आणि झटके थांबतात. मात्र कुरतडले गेलेले हाड पूर्ववत होईलच असे नाही. म्हणून वेळीच आरंभ करण्याचे महत्त्व.

येथे तीन गोष्टी रोग्याने व त्याच्या घरच्यांनी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, औषध सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत झटके उलट वाढल्यासारखे वाटतात; कारण विरघळणाऱ्या थरातून स्फटिक सुटत असतात. हे औषध बाधल्याचे चिन्ह नसून ते काम करू लागल्याचे चिन्ह आहे. त्या काळात डॉक्टर जोडीला संरक्षणार्थ दुसरे औषध देतात. दुसरी, बरे वाटू लागले म्हणून औषध सोडू नये. रक्तदाबाची गोळी जशी नित्याची, तशीच ही. सोडली की वर्षभराने पुन्हा तोच प्रसंग येतो. तिसरी, अंगावर पुरळ उठले, तोंडात फोड आले किंवा ताप आला तर गोळी ताबडतोब थांबवून डॉक्टरांकडे जावे. क्वचितच, परंतु काहींना या औषधाची घातक प्रतिक्रिया येते. मूत्रपिंडांचे विकार असलेल्यांनी तर विशेष सावध असावे.

या विषयाची दुसरीही बाजू आहे आणि तीही सांगितली पाहिजे. हल्ली रक्ताच्या निरनिराळ्या तपासण्या एकत्र करून घेण्याची पद्धत पडली आहे. त्यात यूरिक आम्ल थोडे वाढलेले दिसले की घरात चिंतेचे वातावरण पसरते, आणि गुडघ्याच्या झिजेचे दुखणेही त्याच्याच माथी मारले जाते. वस्तुस्थिती अशी की यूरिक आम्ल वाढलेल्या माणसांपैकी बहुतेकांना आयुष्यात कधीही गाऊट होत नाही. झटका आलेला नसताना केवळ कागदावरील आकडा पाहून औषध सुरू करण्याची सर्वसाधारणपणे आवश्यकता नसते. उलटपक्षी ऐन झटक्यात हाच आकडा कधी कधी नेहमीइतका दिसतो. म्हणून तेवढ्यावरून गाऊट नाही असेही म्हणता येत नाही, व दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी लागते. शंका राहिल्यास सांध्यातील पाणी काढून त्यात स्फटिक पाहणे हाच खात्रीचा मार्ग. सारांश, रोगी पाहावा, केवळ आकडा पाहू नये.

आता भगिनींसाठी चार शब्द. पुष्कळांची अशी समजूत असते की हा पुरुषांचा रोग आहे. ऋतुप्राप्तीच्या काळात स्त्रीच्या शरीरातील अंतःस्रावांमुळे यूरिक आम्लाचा निचरा चांगला होतो हे खरे. परंतु ऋतुनिवृत्तीनंतर ते संरक्षण कमी होते. रक्तदाबासाठी लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वयस्क स्त्रियांत हा रोग हाताच्या बोटांतही प्रकट होतो. ‘वयच झाले’ म्हणून आपल्या सासूबाईंचे वा आईचे दुखणे अंगावर काढू देऊ नका. त्याचप्रमाणे या गोळ्या किंवा हृदयरोगासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिन यूरिक आम्ल थोडे वाढविते असे ऐकून त्या परस्पर बंदही करू नका. त्यांचा निर्णय ज्यांनी त्या दिल्या त्यांनीच करावयाचा.

आणि आता तो वरणाचा प्रश्न. गाऊट झाला की डाळी, पालक, टोमॅटो, फ्लॉवर, वाटाणा आणि कधी दूधदहीसुद्धा बंद करण्याची टूम आपल्याकडे आहे. शाकाहारी घरातील वृद्धाच्या ताटात मग उरते काय? अमेरिकेत हजारो पुरुषांच्या आहाराची बारा वर्षे नोंद ठेवून २००४ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले त्यांवरून असे दिसले की मांस व मासळी यांच्या अधिक सेवनाने गाऊटचा संभव वाढतो. परंतु प्युरीन असलेल्या भाज्यांमुळे तो वाढत नाही, आणि दुधाच्या पदार्थांमुळे तो उलट कमी होतो. तेव्हा वरणभात, उसळ, पालेभाजी व वाटीभर ताक ही आपली जुनी थाळी निर्धास्तपणे चालू ठेवावी. आवर घालावयाचा तो कलेजी, भेजा अशा अवयवांच्या मांसास. कोळंबी, तिसऱ्या, तारली, बांगडा यांच्या वारंवार सेवनास. आणि मद्यास, त्यातही बीअरला विशेष. बाटलीबंद गोड पेये व जादा साखर यांमुळेही यूरिक आम्ल वाढते, ही गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. नातवंडाच्या हातातील गोड पेय आजोबांनीही ओठी लावण्याचा हा काळ असल्याने ती मुद्दाम सांगितली. मासे हेच ज्यांचे रोजचे अन्न आहे अशा घरांनी ते पूर्ण वर्ज्य करण्याचे कारण नाही. प्रमाण व वारंवारता कमी करावी एवढेच.

उपवासाविषयीही एक विनंती. ज्यास गाऊट आहे त्याने निर्जळी उपवास करू नये. कडक लंघनाने रक्तातील यूरिक आम्ल वाढते आणि पाण्याच्या अभावी निचराही मंदावतो. एकादशी दुप्पट खाशी हेही नको आणि घोटभर पाण्यावाचून दिवस काढणेही नको. वजन जास्त असल्यास ते सावकाश, महिन्यांच्या हिशेबाने उतरवावे. पाणी भरपूर प्यावे. एवढे केल्यानंतरही, केवळ पथ्याने यूरिक आम्ल फार खाली येत नाही हे ध्यानात असू द्यावे. कारण मूळ दोष बहुधा मूत्रपिंडांच्या स्वभावात आहे. पथ्य हे औषधाचे साहाय्यक आहे, त्याची जागा घेणारे नव्हे.

गाऊट एकटा येत नाही, हेही सांगितले पाहिजे. रक्तदाब, मधुमेह, स्थूलता, मूत्रपिंडांचे विकार आणि हृदयविकार हे त्याचे सोबती होत. त्यामुळे अंगठा दुखला म्हणून डॉक्टरांकडे गेलेल्या माणसाने आपला रक्तदाब, रक्तशर्करा व मूत्रपिंडांची कार्यक्षमता यांचीही तपासणी करून घ्यावी. अंगठ्याने दिलेली ती पूर्वसूचना समजावी. ज्याच्या वडिलांना अथवा काकांना हा विकार होता त्याने चाळिशीनंतर अधिक जागरूक असावे.

ज्ञातिबांधवहो, आपल्या मंडळाने विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या दिल्या, गरजूंस वैद्यकीय साहाय्य दिले, हे भूषणावह आहे. परंतु काही साहाय्य असे असते की त्यास निधी लागत नाही, केवळ चार शब्द लागतात. मेळाव्यात जो ज्येष्ठ मागच्या खुर्चीवर एक चप्पल काढून बसला आहे, ज्याला मांडी घालून पंगतीत बसता येत नाही, जो ‘काही नाही, जरा वात आहे’ म्हणून विषय टाळतो, त्याची आपुलकीने विचारपूस करावी, आणि घरातील कोणीतरी मुलाने किंवा सुनेने त्यास सोबत घेऊन डॉक्टरांकडे न्यावे. झटक्यांच्या तारखा एका वहीत लिहून ठेवाव्यात. त्या नोंदीवरून डॉक्टरांस निदान व उपचार ठरविण्यास फार मदत होते. पुढील वर्षापासून मेळाव्याच्या दिवशी सकाळी तासभर रक्तदाब तपासणीची व वैद्यकीय सल्ल्याची सोय समाजातील डॉक्टर मंडळींनी मिळून करावी, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे नम्रपणे ठेवतो आणि त्या कामी आमचा वेळ देण्याचे वचन देतो.

आपल्या वाडवडिलांनी सांधेदुखी ही नशिबाची गोष्ट मानली, कारण त्यांच्यापाशी दुसरा इलाज नव्हता. आपणांपाशी इलाज आहे. ज्या रोगाचे कारण ठाऊक आहे, ज्याची मर्यादा आकड्यात सांगता येते आणि ज्याचे औषध रोजच्या चहाच्या खर्चात बसते, त्या रोगाने आपल्यापैकी एकाचेही बोट वाकडे होऊ नये, एवढाच आमच्या बोलण्याचा मथितार्थ आहे.  पंगतीची वेळ झाली आहे. वरण निःशंकपणे वाढून घ्यावे, ताक दोन वाट्या घ्यावे, आणि सर्वांस दीर्घायुरारोग्य लाभो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.